शाडूचा थर

पोटात दुखणं म्हणजे काय, ते मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी नीट कळलं. त्याआधी जावेने ठाण्याला घेतलेल्या फ्लॅटवरून, मैत्रिणीच्या मुलाच्या परदेशातल्या नोकरीवरून थोडंफार दुखलं होतं, नाही असं नाही. पण ते दोन दिवसांत बरं व्हायचं. हे होईना. कारण जिच्यामुळे दुखत होतं ती पोरगी माझ्याच शाळेत होती, माझाच विषय शिकवत होती आणि शिक्षकखोलीत माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसून डबा खात होती.

शाळा परळला, भोईवाड्याच्या बाजूला. मराठी माध्यम. मी लालबागची. वडील गिरणीत होते, गाव कोकणात, आणि भूगोलात एम.ए. केलेली आमच्या चाळीतली मी पहिली. हे मी सगळ्यांनाच सांगते, तसं तुम्हालाही सांगितलं. बावीस वर्षं मी नववी-दहावीला भूगोल शिकवला. फळ्यावर रंगीत खडूने खाडीचा छेद काढावा तर तो मीच. वाळूला पिवळा, चिखलाला तपकिरी, पाण्याला निळा. छेद पुरा झाला की मुलं म्हणायची, बाई, पुसू नका. एका वर्षी तो आठवडाभर कुणी पुसला नाही, गणिताच्या सरांनी बिचाऱ्यांनी अर्ध्या फळ्यावर भागवलं.

मग ही आली. सत्तावीस वर्षांची, चिंचपोकळीहून चालत यायची, ओढणीला कायम कसला तरी डाग. मुलं हिला बाई म्हणत नसत, ताई म्हणत. हे काही शिस्तीला धरून नाही, असं मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, म्हणू देत हो, पोरं शाळेत येतायत हेच पुष्कळ आहे. माझा तिळपापड झाला. पूर्वी तास संपला की माझे नकाशे उचलायला तीन-तीन पोरी धावायच्या. आता मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून एकटीच जिना चढत होते आणि खाली पटांगणात पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून उभी. ती त्यांना दाखवत काय असायची? गटाराच्या कडेला साचलेली माती. अहो, खरंच. गटाराच्या कडेची माती बोटाने कापून दाखवायची, आणि पोरं बघायची.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मराठी शाळेची पटसंख्या दर वर्षी घसरत होती. नववीच्या दोन तुकड्यांची एकच होणार हे नक्की झालं होतं, आणि एका तुकडीला भूगोलाच्या दोन शिक्षिका लागत नाहीत. नियमाने जी मागाहून आली ती अतिरिक्त ठरते आणि सरकार पाठवेल त्या शाळेत जाते. म्हणजे ती. माझ्या नोकरीला कसलाही धक्का नव्हता. पण संस्थेची इंग्रजी शाळा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती आणि तिथे एक जागा रिकामी होती. संस्थेचे अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणाले होते की शाळेच्या प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिचं काम बघतो, चांगलं वाटलं तर वर घेऊ. तिची आई आजारी असायची, घरी दुसरं कुणी नव्हतं. घराजवळची नोकरी राहणं तिला किती गरजेचं होतं ते तिने मला स्वतः सांगितलं होतं, माझ्याच डब्यातली भाजी खाताना.

प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला तो माझा. खाडीत वाळू आणि चिखल यांचे एकाआड एक थर कसे होतात. म्हणजे विषय काही माझ्या नावावर नाही, तेवढं मला कळतं. पण बावीस वर्षं मी फळ्यावर जे काढत आले ते ती काचेच्या टाकीत खरोखरचं करून दाखवणार होती. मासे पाळायची लांबुडकी टाकी तिने विकत आणली. वाळू शेजारच्या टॉवरच्या कामावरून मागून आणली, घरच्या चाळणीने चाळली. आणि चिखलासाठी? लालबाग-चिंचपोकळीत वाढलेलं माणूस जे करील तेच तिने केलं. मूर्तींच्या कारखान्यात गेली आणि शाडूची माती घेऊन आली. पिवळ्या वाळूवर शाडूचा तो करडा-पांढरा थर काय सुरेख दिसेल, असं ती म्हणाली. दिसला असताच.

त्याआधी तिने बरणीत एक प्रयोग केला होता. पाणी, वाळू, माती घालून बरणी हलवायची आणि ठेवून द्यायची. जड वाळू आधी खाली बसते, माती वर. पण नववीतल्या एका मुलीने विचारलं की ताई, हे दोनच थर झाले, पुस्तकात तर ढीगभर आहेत, ते कसे? प्रश्न चांगला होता. मला बावीस वर्षांत तो कुणी विचारला नव्हता, याचंही मला जरा लागलं. ती माझ्याकडे आली, वही घेऊन.

आणि मग मी सुटले. मला कुणी विचारायचाच अवकाश असतो. मी तिला सांगितलं की बरणीत एकदाच ढवळलं म्हणून एकदाच थर झाला. खाडीत ढवळणारा रोज येतो, दिवसातून दोनदा. भरती आत शिरते तेव्हा पाण्याला जोर असतो. तो वाळूला तळावरून लोटत लोटत आत नेतो, चिखल मात्र पाण्यात तरंगतच राहतो, कारण धावत्या पाण्यात त्याला खाली बसायला मिळत नाही. मग भरती पुरी होते. पाणी आत जायचं थांबलेलं असतं आणि बाहेर जायला लागलेलं नसतं. तेवढा थोडा वेळ पाणी अगदी उभं राहतं. वाळू केव्हाच खाली बसलेली असते, आणि आता चिखलाची पाळी येते. वाळूवर चिखलाची एक पातळ साय धरते. ओहोटी लागली की पाणी पुन्हा पळायला लागतं, थोडी साय खरवडून नेतं, पण सगळी नाही, कारण बसलेला चिखल चिकट असतो. त्याच्यावर पुन्हा वाळू. पुन्हा पाणी उभं राहतं, पुन्हा चिखल. असं वर्षानुवर्षं.

एवढ्यावर थांबेन तर मी कसली? अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, तिला जोर जास्त, म्हणून वाळूचे थर जाड. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, ती मऊ, म्हणून थर बारीक. जाड होत जातात, बारीक होत जातात, पुन्हा जाड. नीट मोजले तर चंद्राचे पंधरवडे मोजता येतात, असं मी तिला सांगितलं. ती लिहून घेत होती. तिचे डोळे असे मोठे झाले होते, आणि तेवढा वेळ, खोटं कशाला बोलू, मला ती आवडत होती.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. एम.ए.ला असताना आमचे सर आम्हाला माहीमला घेऊन गेले होते. ओहोटीची वेळ, कोळीवाड्याच्या मागची खाडी, चपला हातात. सरांनी फावड्याने चिखल सरळ उभा कापला आणि कापलेल्या बाजूवर हात फिरवून ती साफ केली. करड्या आणि काळ्या रेघा, जुन्या वहीच्या पानांची कड दिसते तशा. आम्ही वाकून बघत राहिलो. मग सरांनी चहाच्या टपरीवरून काचेचे दोन ग्लास मागून घेतले. एकात टपरीवरचं नळाचं पाणी, दुसऱ्यात खाडीचं. दोन्हींत चिमूट चिमूट चिखल ढवळला आणि म्हणाले, आता चहा घेऊ या. चहा होईतो खाडीच्या पाण्याचा ग्लास बराचसा निवळला होता. नळाचा तसाच गढूळ. सर म्हणाले, चिखलाचे कण इतके बारीक असतात की गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत दिवसेंदिवस तरंगत राहतात. मीठ असलं की एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, आणि गोळे जड म्हणून पटकन बसतात. खाडीत पाणी उभं राहतं ते थोडाच वेळ, तेवढ्यात चिखल बसतो, तो मिठामुळे.

हे मी तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मुद्दाम लपवलं असं नाही, सांगता सांगता घंटा झाली. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं, हे मी अजूनही छातीवर हात ठेवून सांगेन.

प्रदर्शन शनिवारी होतं. बुधवारी तिने प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टाकी मांडली, नळाचं पाणी भरलं, वाळू पसरली आणि शाडू कालवून ओतला. पाण्याचं दूध झालं. मुलं टाळ्या वाजवत होती. ती म्हणाली, आता पाणी उभं राहिलंय, आता बघा. मुलं बघत बसली. एक तास गेला, दुसरा गेला. शाळा सुटली तरी दूधच. गुरुवारी सकाळी दूध. आमच्या लालबागेत शाडूचा गणपती बादलीत विसर्जन करतात, ते पाणी किती दिवस पांढरं राहतं ते घरोघरी ठाऊक आहे. तिच्याही घरी असणार. पण ते आठवलं नाही तिला. खाडीचा विचार करताना बादली कुणाला आठवते?

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. ओढणीवर शाडूचे ठिपके वाळून कडक झाले होते. तिने सरळ विचारलं.

"बाई, गाळ बसतच नाहीये. माझं काय चुकतंय? खाडीत थोड्याशा वेळात बसतो म्हणालात, मग इथे का नाही बसत?"

आता ऐका. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मीठ. एक शब्द. माहीमची टपरी, ते दोन ग्लास, सरांची ओली पँट, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि त्याच वेळी खिडकीतून दिसलं की प्रयोगशाळेच्या दाराशी आठ-दहा पोरं तिची वाट बघत ताटकळत उभी होती. डबा न खाता. त्यांतली एक मुलगी, जी गेल्या वर्षी माझे नकाशे उचलायची, तिने हिची पर्स धरली होती. पर्स. मी डब्याचं झाकण लावायला लागले.

"थांब थोडी, बसेल," मी म्हटलं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि गेली. आणि थांबली. माझं ऐकून शुक्रवारी दिवसभर थांबली. टाकीला कुणी धक्का लावू नये म्हणून कोपऱ्याला दोरी बांधली, पंखा बंद करायला लावला. मी तीनदा त्या दारावरून गेले. पाणी जरासं पातळ झालं होतं, ताकाइतकं. तेव्हाही सांगता आलं असतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सांगितलं असतं तरी चाललं असतं.

शनिवारी संस्थेची मंडळी आली. अध्यक्ष, दोघे-तिघे सभासद, मोठ्या बाई. टाकीपाशी आले तेव्हा तळाला वाळू, वाळूवर कसलासा धुरकट पापुद्रा, आणि वर सगळं गढूळ. तिने समजावून सांगितलं, फार छान सांगितलं, उधाण आणि भांग सगळं. माझीच वाक्यं होती, पण तिच्या तोंडी ती सोपी वाटत होती. अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि विचारलं, ते सगळं ठीक, पण थर कुठे आहेत? ती म्हणाली, सर, अजून बसले नाहीत. कुणीतरी हसलं. मोठ्या बाई जमिनीकडे बघायला लागल्या.

इथे मी गप्प बसले असते तरी एक वेळ परवडलं असतं. पण नाही. मी पुढे झाले. कँटीनमधून मूठभर मीठ मागवलं आणि तिच्या टाकीत घातलं. हलक्या हाताने ढवळलं. मंडळींना म्हटलं, आपण चहा घेऊन या, तोवर गंमत बघा. ती बाजूला उभी होती, हातात कपडा घेऊन. मी तिच्याकडे बघितलं नाही.

अर्ध्या तासाने मंडळी परत आली तेव्हा गाळाचा लोट अर्ध्याहून खाली गेला होता आणि वरचं पाणी स्वच्छ. डोळ्यांदेखत बसत होता. तो तळाशी गेल्यावर मी वाळूची मूठ अलगद सोडली, ती शाडूवर पसरली. पुन्हा शाडू, पुन्हा वेळ गेला, पुन्हा थर. मी बोलत होते, माहीमची गोष्ट सांगत होते, आणि सगळे माझ्याभोवती. मुलंसुद्धा. टाळ्या पडल्या. अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणाले की अनुभवी शिक्षक असे असतात. किती दिवसांनी मला ते मिळत होतं. सांगायला लाज वाटते, पण मला त्या वेळी फार फार बरं वाटलं. टाळ्या तीही वाजवत होती. कपडा काखेत धरून.

दुपारी सगळे गेल्यावर ती एकटीच फरशी पुसत होती. मी मदतीला वाकले. तिने मान वर न करता विचारलं, बाई, मीठ तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, अगं, ऐन वेळी आठवलं. ती हं म्हणाली आणि कपडा पिळायला लागली.

वरच्या मजल्यावरची जागा तिला मिळाली नाही. तिथे संस्थेने बाहेरून कुणाला तरी घेतलं. तिच्या नावाचं पत्र आलं, गोवंडीच्या एका शाळेचं. आईचं कसं करणार, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की शेजारच्या काकू दुपारी डोकावतील. निरोपाच्या दिवशी मुलं रडली. मी गोड भाषण केलं. आणि बघा माझं मन, त्या भाषणातसुद्धा मी हळूच मोजत होते की मी निवृत्त होईन तेव्हा इतकी मुलं रडतील का.

टाकी ती घेऊन गेली. मी पुन्हा फळ्यावर छेद काढायला लागले. पिवळा, तपकिरी, निळा. मुलं वहीत उतरवून घेत होती. कुणी पुसू नका म्हणालं नाही, कुणी पुसा असंही म्हणालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोबाइलवर तिचा फोटो आला. तीच टाकी, गोवंडीच्या वर्गात. मी बोटांनी मोठा करून पाहिला. वाळू, शाडू, वाळू, शाडू. खाली जाड, मधे बारीक, वर पुन्हा जाड. उधाण, भांग, उधाण. मी केलं होतं ते दोनच थरांचं, हिने चौदा केले होते. टाकीच्या काचेवर पोरांचे हातच हात. मी त्यात चूक शोधली, अगदी चष्मा पुसून शोधली. सापडली नाही. पुन्हा पोटात दुखलं, पहिल्यासारखंच. खाली तिने लिहिलं होतं, "मुलांना सांगितलं, हे मला आमच्या परळच्या बाईंनी शिकवलं."

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मी हिला काय शिकवलं होतं? तिसऱ्या दिवशी तास सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहिलं की गुरुवारी तू विचारलंस तेव्हा मला मीठ माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही. पाठवलं. मला वाटलं, आता तरी चिडेल, चार शब्द सुनावेल. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाई. तुम्ही कधी कुणाला एका वाक्यात उत्तर देत नाही."

आणि खाली आणखी एक ओळ होती. "वाटलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तरी सांगाल. म्हणून थांबले."